जुन्या डीआय पिकअपला टर्बो: हवा, डिझेल, तेल आणि उष्णता यांचा पूर्ण हिशेब

महिंद्राचं २५२३ सीसीचं चार सिलिंडरचं डीआय इंजिन महाराष्ट्रातल्या बहुतेक गॅरेजांना तोंडपाठ आहे. बोअर ८८.९ मिमी, स्ट्रोक १०१.६ मिमी, डायरेक्ट इंजेक्शन, यांत्रिक पंप, कुठेही ईसीयू (इंजिन हाकणारा संगणक) नाही. बिनटर्बोच्या, म्हणजे एक्झॉस्टच्या झोतावर फिरून इंजिनात हवा कोंबणारा पंखा नसलेल्या, पिकअपमध्ये ते इमानेइतबारे चालतं, पण टनभर माल घेऊन घाट चढायचा म्हटलं की दुसऱ्या गिअरवर येतं. याच इंजिनाची टर्बो आवृत्ती पुढे कंपनीनंच आणली. त्यामुळे या ब्लॉकवर टर्बो बसतो का, हा प्रश्न उरलेला नाही. प्रश्न आहे तो आपल्या हातातलं विशिष्ट इंजिन त्या लायकीचं आहे का, आणि काम कोणत्या क्रमानं करायचं.

इथली पद्धत या इंजिनासाठी आहे. दुसऱ्या कुठल्याही जुन्या यांत्रिक पंपाच्या चार सिलिंडर डिझेलला तीच चालते, फक्त आकडे पुन्हा काढावे लागतात.

कायद्याचं आधी. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ नोंदीशी विसंगत बदल परवानगीशिवाय करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. अपघात झाला तर विमा कंपनीही हाच मुद्दा काढू शकते. म्हणून रस्त्यावरच्या गाडीसाठी आधी आरटीओत विचारा. शेतावरची, खाणीतली किंवा ऑफरोड स्पर्धेची गाडी असेल तर पुढे वाचा.

किती हवा, किती बूस्ट

टर्बो ताकद देत नाही, हवा देतो. ताकद जास्तीच्या डिझेलची असते आणि ते डिझेल स्वच्छ जळायला हवा लागते. हा क्रम डोक्यात पक्का असला की निम्म्या चुका होतच नाहीत.

हिशेब सोपा आहे. २.५२३ लिटरचं इंजिन दोन फेऱ्यांत एकदा पूर्ण भरतं. ३२०० आरपीएमला ते मिनिटाला साधारण ४,०४० लिटर हवा ओढू शकतं. भरण्याची कार्यक्षमता ८५ टक्के धरली तर ३,४३० लिटर, म्हणजे ३० अंश तापमानाला सुमारे ४ किलो हवा. आता ०.५ बार बूस्ट (टर्बोनं वाढवलेला हवेचा दाब) दिला तर दाब दीडपट होतो, पण हवा दीडपट होत नाही. दाबली की ती तापते. कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के धरली तर ३० अंशांची हवा ८३ अंशांवर जाते आणि प्रत्यक्ष वाढ सुमारे २७ टक्केच मिळते. मध्ये इंटरकूलर (दाबलेली हवा गार करणारी जाळी) टाकून ती ५० अंशांवर आणली तर वाढ ४० टक्क्यांवर जाते. म्हणजे लागणारी हवा मिनिटाला ५.१ ते ५.६ किलो. एवढ्या हवेला लहान टर्बो पुरतो. 'मोठा टर्बो म्हणजे मोठी ताकद' या समजुतीनं ट्रकचा टर्बो लावला तर तो २५०० आरपीएमपर्यंत झोपलेला राहतो, आणि हे इंजिन ३२०० च्या पुढे फारसं जातच नाही.

बूस्टची मर्यादा ०.५ बार, फार तर ०.६. बिनटर्बो डिझेलच्या पिस्टनखाली बहुधा तेलाचा फवारा नसतो, रिंगची खाच साधी असते, हेड पॅकिंगही त्याच हिशेबाचं असतं. १ बार लावून चार महिने चाललेली इंजिनं दिसतात. पाचव्या महिन्यात ती वर्कशॉपमध्ये असतात.

इंजिन लायक आहे का

थकलेल्या इंजिनाला टर्बो लावणं म्हणजे दम्याच्या माणसाला डोंगर चढायला लावणं. आधी या गोष्टी तपासा.

कॉम्प्रेशन: इंजिन गरम करा, चारही नोझल काढा, डिझेलचा गेज लावून सेल्फ मारा. २५ ते ३० किलो प्रति चौ. सेंमी चांगलं. चारांतला फरक ३ किलोपेक्षा जास्त असेल तर आधी इंजिनाचं काम काढा.

ब्लो-बाय (रिंगांमधून खाली निसटणारा वायू): गरम इंजिन आयडलवर ठेवून तेल भरायचं झाकण सैल करून वर उलटं ठेवा. ते जागेवर थरथरलं तर ठीक. उडून पडलं किंवा धूर झोतानं आला तर रिंगा गेल्या आहेत. टर्बोसोबत हा दाब आणखी वाढतो आणि टर्बोचं तेल खाली उतरू देत नाही.

तेलाचा दाब: गरम इंजिनात आयडलला निदान १ आणि २००० आरपीएमला ३ किलोच्या आसपास हवा. डॅशबोर्डच्या दिव्यावर विश्वास ठेवू नका, यांत्रिक गेज जोडून पाहा.

पाणी: रेडिएटर रॉडिंग करून घ्या, थर्मोस्टॅट असायलाच हवा. 'गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकला' अशी गाडी आली तर तापण्याचं खरं कारण आधी शोधा.

एक सापळा जुन्या इंजिनांत असतो. काही इनलाइन पंपांचा गव्हर्नर इनटेकमधल्या व्हॅक्यूमवर चालतो: इनटेकमध्ये फुलपाखरू झडप आणि तिथून पंपाच्या पडद्याकडे जाणारी बारीक नळी. अशा इंजिनाच्या इनटेकमध्ये बूस्ट आला की गव्हर्नर आंधळा होतो आणि इंजिन बेफाम पळू शकतं. ती नळी दिसली तर पंप बदलल्याशिवाय पुढे जाऊ नका.

सामान

सर्वांत शहाणा मार्ग म्हणजे याच इंजिनाच्या कंपनी-टर्बो आवृत्तीचं सामान: एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, टर्बो, इनटेकचा पाइप, तेलाच्या दोन्ही लाइन आणि जमलं तर तेलाचं चेंबर (इंजिनाखालची तेलाची टाकी). मुंबईत कुर्ल्याच्या भंगार बाजारात आणि पुण्याच्या जुन्या बाजारात असे संच शोधावे लागतात. संच अख्खा घ्या. फक्त टर्बो घेऊन बाकीचं 'बनवून घेऊ' म्हटलं की खर्च वाढतो.

जुना टर्बो घेताना शाफ्ट बोटांनी हलवून पाहा. आडवा किंचित खेळ चालतो, कारण तेलाची फिल्म नंतर तो भरते. पुढे-मागे खेळ बोटाला जाणवता कामा नये. पंख्याची पाती घराला घासलेली असतील किंवा पात्याची टोकं वाकलेली असतील तर परत द्या. कॉमन रेलच्या गाड्यांचा व्हीजीटी टर्बो स्वस्तात मिळतो म्हणून घेऊ नका. त्याची फिरती पाती हाकायला ईसीयू लागतो. साधा वेस्टगेटवाला (ठरलेल्या बूस्टवर उघडून जास्तीचा एक्झॉस्ट बाजूनं सोडणारी झडप असलेला) टर्बो हवा.

बाकी सामान: ४ ते ५ मिमी आतला व्यास असलेली स्टीलची किंवा स्टील-जाळीची तेल लाइन, १९ मिमी आतल्या व्यासाचा ड्रेन पाइप, ५० ते ५७ मिमीचे हवेचे पाइप आणि कापडाचे थर असलेले सिलिकॉन होज, टी-बोल्ट क्लॅम्प, कोरड्या कागदी एलिमेंटचा मोठा एअर फिल्टर, १.५ बारचा बूस्ट गेज, के-टाइप थर्मोकपलसह एक्झॉस्ट तापमानाचा गेज, टर्बोपासून सायलेन्सरकडे जाणारा सव्वादोन ते अडीच इंची डाउनपाइप आणि त्यात एक लवचिक बेलो. पैसे कमी पडले तर इंटरकूलर पुढे ढकला. तापमानाचा गेज ढकलू नका.

मॅनिफोल्ड

तयार ओतीव मॅनिफोल्ड मिळाला नाही तर बनवावा लागतो. सायलेन्सरचा पातळ पाइप चालत नाही, तो लाल होऊन चिरतो. जाड भिंतीचा स्टीम पाइप आणि त्याचे वेल्डिंगचे बेंड घ्या, फ्लँज १० ते १२ मिमी जाड माइल्ड स्टीलचे. वेल्डिंग करताना हेडकडचे फ्लँज एखाद्या निकामी हेडवर घट्ट बोल्ट करून ठेवा, नाहीतर वेल्डिंगच्या ओढीनं ते वाकतात. तरीही नंतर तोंडं मशीनवर सपाट करून घ्या. कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा कुठल्याही चांगल्या लेथवाल्याकडे हे तासाभराचं काम आहे. न करता घाईनं बसवलं तर महिन्याभरात पॅकिंग फुंकतं.

टर्बोचं वजन एकट्या मॅनिफोल्डवर टाकू नका. खालून ब्रॅकेट द्या, पण भोक लांबट ठेवा, म्हणजे गरम झाल्यावर लोखंडाला सरकायला जागा राहते.

थर्मोकपलचं भोक याच वेळी, मॅनिफोल्ड टेबलावर असतानाच पाडा. जागा चारही नळ्या एकत्र येतात तिथली, टर्बोच्या आधी. टोक झोताच्या मध्यापर्यंत गेलं पाहिजे. बसवल्यावर ड्रिल मारलं तर लोखंडाचा चुरा थेट टर्बाइनच्या पात्यांवर जाईल.

तेल: इथे घाई नको

टर्बोचा शाफ्ट मिनिटाला लाखाहून जास्त फेऱ्या घेतो आणि तो तेलाच्या पातळ थरावर तरंगतो. नव्यानं बसवलेले टर्बो मरतात ते बहुतेक तेलामुळेच, आणि त्यातही जास्त करून ड्रेनच्या चुकीमुळे.

फीड, म्हणजे टर्बोला तेल आणणारी लाइन, मेन गॅलरीतून (ब्लॉकमधल्या तेलाच्या मुख्य मार्गातून) घ्या. ऑइल प्रेशर स्विच जिथे आहे तिथे टी बसवून स्विच आणि फीड दोन्ही जोडता येतात. रॉकरकडे जाणाऱ्या तेलावर टी मारू नका, तिथला प्रवाह मुद्दाम कमी ठेवलेला असतो. अल्टरनेटरवरच्या व्हॅक्यूम पंपाची बारीक तेल नळी हाताशी दिसते, पण तिच्यावर टर्बो लावला तर दोघंही उपाशी राहतात, आणि व्हॅक्यूम पंपावर तुमचे ब्रेक अवलंबून आहेत. साध्या बुश बेअरिंगच्या टर्बोला फीडमध्ये रिस्ट्रिक्टर (प्रवाह कमी करणारं बारीक भोक) लागत नाही.

आता ड्रेन, म्हणजे टर्बोतून तेल चेंबरमध्ये परत नेणारा पाइप. फीडमधून तेल दाबानं येतं, पण टर्बोतून बाहेर पडताना त्याला दाब नसतो. फेस झालेलं तेल केवळ स्वतःच्या वजनानं खाली उतरतं. म्हणून ड्रेन जाड हवा, सलग उताराचा हवा, आणि त्यात कुठेही पोट पडता कामा नये. उभ्या रेषेपासून ३० ते ३५ अंशांपेक्षा जास्त तिरका नको. चेंबरमध्ये तो तेलाच्या पातळीच्या वर उघडला पाहिजे. पातळीच्या खाली उघडला तर तेल तुंबतं, टर्बोच्या सीलमधून एक्झॉस्टमध्ये आणि इनटेकमध्ये गळतं, आणि लोक बिचाऱ्या टर्बोला दोष देतात. सील बदलून काही होत नाही. या टर्बोंमध्ये रबरी सील नसतेच, पिस्टन रिंगसारखी एक कडी असते. तुंबलेलं तेल ती अडवू शकत नाही.

टर्बोचा मधला भाग असा फिरवून बसवा की तेलाचं तोंड वर आणि ड्रेन खाली, उभ्या रेषेच्या १५ अंशांत येईल.

चेंबरला ड्रेनचा बुश वेल्ड करायला चेंबर काढावंच लागतं. जागेवर भोक पाडलं तर चुरा तेलात जातो. काढल्यावर आधी डिझेलनं, मग गरम साबणाच्या पाण्यानं धुऊन पूर्ण कोरडं करा आणि मगच वेल्डिंग करा. तेलकट चेंबरवर ठिणगी टाकणं धोक्याचं आहे. वेल्डिंग झाल्यावर आतून रॉकेल भरून रात्रभर ठेवा, बाहेर ओल दिसली तर पुन्हा करा. तेलाच्या फ्लँजवर सिलिकॉन लावू नका. त्याचा आत आलेला तुकडा सुटला की थेट बेअरिंगच्या भोकात अडकतो. कागदी किंवा धातूचं पॅकिंगच वापरा.

शेवटचा दुवा ब्रीदरचा, म्हणजे क्रँककेसमधला वायू बाहेर सोडणाऱ्या नळीचा. जुन्या इंजिनात ब्रीदर इनटेकला जोडलेला असतो. बूस्ट आल्यावर तीच नळी क्रँककेसमध्ये हवा कोंबेल. ती तिथून काढा, इनटेकचं भोक बंद करा आणि ब्रीदर तेल अडवणाऱ्या डब्यातून बाहेर सोडा किंवा फिल्टर आणि टर्बो यांच्यामध्ये जोडा. क्रँककेसमध्ये दाब राहिला तर ड्रेन कितीही जाड असला तरी तेल उतरत नाही.

हवेचा मार्ग

ऑइल-बाथ फिल्टर काढून टाका. टर्बोची ओढ जास्त असते, त्यातलं तेल तो उचलून नेतो. पाइपच्या टोकांना उंचवटा काढून घ्या, नाहीतर बूस्टखाली होज निसटतो. साधी होज क्लिप ०.५ बारला धरते, पण गरम-गार होत सैल पडते.

विदर्भात किंवा मराठवाड्यात उन्हाळ्यात ओझं वाहायचं असेल तर इंटरकूलर चैनीची गोष्ट राहत नाही. बाहेर ४५ अंश असताना टर्बोतून निघालेली हवा १०० अंशांच्या आसपास असते. मात्र इंटरकूलर रेडिएटरसमोर बसवला की रेडिएटरला गरम हवा मिळते. दोघांमध्ये बोटभर जागा ठेवा आणि पंख्याचं कव्हर शाबूत असू द्या.

वेस्टगेटची नळी कॉम्प्रेसरच्या घरापासून सरळ ॲक्च्युएटरला (वेस्टगेट उघडणाऱ्या पडद्याच्या डबीला). बसवण्याआधीच ॲक्च्युएटर तपासा: सायकलचा पंप, एक टी आणि गेज. ०.५ बारच्या आसपास दांडा हलायला लागला पाहिजे. पडदा फाटका असेल किंवा ही नळी निघाली तर वेस्टगेट उघडतच नाही आणि बूस्ट मोकाट वाढतो.

सगळं जोडल्यावर फिल्टरच्या तोंडाला पीव्हीसीचं टोपण लावून ०.५ बार हवा भरा आणि सांध्यांवर साबणाचं पाणी मारा. बुडबुडे आले की जागा सापडली.

डाउनपाइपजवळ ब्रेकची नळी, डिझेलची नळी किंवा वायरिंग एका वीतभर अंतरात असेल तर ते हलवा आणि मध्ये पत्र्याची ढाल द्या. बेलो विसरू नका. इंजिन माउंटिंगवर हलतं, सायलेन्सर चॅसीला बांधलेला असतो, मधल्या मध्ये मॅनिफोल्ड तुटतो.

पहिल्यांदा सुरू करताना

नवीन तेल १५डब्ल्यू-४०, सीएच-४ किंवा वरच्या दर्जाचं, आणि नवीन फिल्टर. टर्बोच्या फीडच्या तोंडातून चमचाभर तेल ओतून शाफ्ट हातानं फिरवा. मग पंपाच्या स्टॉप सोलेनॉइडची वायर काढून, म्हणजे डिझेल बंद ठेवून, दहा-दहा सेकंद सेल्फ मारा. गेजला दाब दिसेपर्यंत हे करा. ड्रेनचा होज क्षणभर काढून तेल खाली येतंय हे डोळ्यांनी पाहा. त्यानंतरच इंजिन सुरू करा आणि दहा मिनिटं आयडलवर ठेवा, रेस देऊ नका.

जवळ एक जाड फळी ठेवा, एअर फिल्टरच्या तोंडापेक्षा मोठी. डिझेल इंजिनला इनटेकमधून तेल मिळू लागलं तर ते स्वतःच्याच तेलावर पळतं. मग किल्ली बंद करून किंवा स्टॉप ओढून काही उपयोग नाही. तोंडावर फळी दाबा. हात किंवा कापड कधीच नको, टर्बो ते आत ओढतो. गाडी चालू असताना असं झालं तर वरचा गिअर टाका, ब्रेक पूर्ण दाबा आणि क्लच सोडून इंजिन बंद पाडा.

डिझेल वाढवणं

पहिले १०० किलोमीटर पंपाला हात लावू नका. मूळ डिझेलवर टर्बोनं धूर कमी होतो, एक्झॉस्टचं तापमान उतरतं आणि घाटात थोडा फरक जाणवतो. खूप जणांना एवढंच पुरतं, आणि इंजिनाच्या आयुष्याला ते सर्वांत चांगलं.

जास्त हवं असेल तर पंप रूममध्ये (डिझेल पंप दुरुस्त करणाऱ्याकडे) जा. मूळ फुल-लोड डिलिव्हरी बेंचवर मोजून लिहून घ्या आणि इंटरकूलर नसेल तर १५ टक्के, असेल तर २० टक्क्यांपर्यंत वाढवा. हवा २७ टक्के वाढली म्हणून डिझेलही तेवढं वाढवायचं नसतं, वरची हवा तापमान आटोक्यात ठेवते. व्हीई प्रकारच्या रोटरी पंपावर फुल-लोडचा स्क्रू मागच्या बाजूला, लॉकनटसह असतो. आत फिरवला की डिझेल वाढतं. गाडीवरच करायचं असेल तर एका वेळी एक अष्टमांश फेरी, मग घाटात चाचणी. स्क्रू आत गेला की आयडल आणि कमाल आरपीएम दोन्ही वर सरकतात, ते पुन्हा मूळ जागी आणा. विसरलात तर इंजिन ओव्हरस्पीड होईल.

बिनटर्बो पंपात बूस्ट पाहून डिझेल सोडणारा पडदा नसतो. त्यामुळे टर्बो जागा व्हायच्या आधी, १५०० आरपीएमच्या खाली, वाढवलेलं डिझेल नुसतं काळा धूर होतं. पंप रूमवाले टर्बो पंपाचं पडद्याचं वरचं झाकण बसवून देतात. त्याचे पैसे वसूल होतात. टायमिंग मूळ जागी ठेवा. 'थोडं ॲडव्हान्स केलं की पिकअप येतो' हा सल्ला टर्बो इंजिनावर हेड पॅकिंग फोडतो.

चाचणी अशी: पूर्ण ओझं, लांब चढ, तिसरा गिअर, पूर्ण रेस. टर्बोआधीचं तापमान ६५० अंशांवर स्थिरावलं तर ठीक. ७०० कडे सरकू लागलं तर पाय उचला आणि स्क्रू पाव फेरी मागे घ्या. गेज टर्बोनंतर लावला असेल तर तो ओझ्याखाली खऱ्या तापमानापेक्षा १०० अंशांनी किंवा त्याहूनही जास्त कमी आकडा दाखवतो, त्या आकड्यावर निवांत राहू नका. पिस्टन ॲल्युमिनियमचा आहे. तो वितळायला लागला तरी गाडी चालत राहते, उलट छान ओढते, आणि कळतं तेव्हा उशीर झालेला असतो.

क्लच प्लेट अर्धी झिजलेली असेल तर पहिल्याच घाटात घसरेल. नवी बसवून घ्या.

नंतरची लक्षणं

गरम-गारच्या दोन-तीन चक्रांनंतर मॅनिफोल्डचे नट थंड इंजिनावर पुन्हा घट्ट करा. पहिलं तेल ५०० किलोमीटरला बदला, मग दर ५,००० ला. घाट चढून आल्यावर बंद करण्याआधी दोन मिनिटं आयडल. तापलेल्या टर्बोत थांबलेलं तेल कोळसा होतं.

काळा धूर आणि बूस्ट कमी: होज निसटला, फिल्टर तुंबला किंवा मॅनिफोल्डचं पॅकिंग फुंकतंय. पॅकिंगजवळ काजळीची रेघ शोधा. काळा धूर पण बूस्ट बरोबर: डिझेल जास्त. आयडलवर बराच वेळ उभी राहिल्यावर निळा धूर: आधी ड्रेन आणि ब्रीदर, मग टर्बो. शिट्टीचा आवाज हळूहळू सायरनसारखा होऊ लागला की पंखा घराला घासतोय, त्याच दिवशी गाडी उभी करा, कारण तुटलेल्या पात्याचा तुकडा इंटरकूलर नसेल तर सरळ सिलिंडरमध्ये जातो. इंटरकूलरच्या पाइपात बोटाला तेलाचा पातळ ओलावा लागला तर घाबरू नका. पाइप उलटा केल्यावर तेल ओतलं गेलं तर मात्र पुन्हा चेंबरच्या त्या बुशापासून तपासायला सुरुवात करा.